लिनक्सवर ओपनबीसीआयचा सायटन बोर्ड कसा चालू करायचा

सायटन म्हणजे डोक्याला इलेक्ट्रोड लावून मेंदूचे विद्युत सिग्नल (ईईजी) मोजणारा ओपनबीसीआय कंपनीचा बोर्ड. तो हातात आला की बहुतेक जण आधी ड्रायव्हर शोधायला धावतात. लिनक्सवर तसं काही डाउनलोड करायचंच नसतं. डोंगलमध्ये (बोर्डाचा वायरलेस डेटा घेणाऱ्या यूएसबी रिसीव्हरमध्ये) एफटीडीआय कंपनीची यूएसबी-सिरियल चिप आहे, तिचा ड्रायव्हर एफटीडीआय_एसआयओ या नावाने कर्नलमध्ये कधीचाच आहे, तेव्हा कुठल्यातरी साइटवरून झिप उतरवून कंपाइल करत बसू नका. खरं काम आहे परवानगीचं आणि थोडंफार टायमिंगचं. (कमांड मी उच्चाराप्रमाणे लिहितोय, टाइप मात्र इंग्रजीतच करायच्या.)

आधी डोंगल. त्याच्यावर एक बारकं स्विच असतं, नखाने सरकवावं लागतं, ते जीपीआयओ ६ च्या बाजूला पाहिजे, रीसेटच्या नाही. यूएसबीत लावला की निळा दिवा लागतो. त्यानंतरच बोर्डाला बॅटरी जोडा आणि त्याचं स्विच पीसी कडे सरकवा, बीएलई (ब्लूटूथ) कडे नको. आणि बोर्डाला फक्त बॅटरीच, चार डबल-ए सेलचा पॅक पुरतो. भिंतीतल्या अडॅप्टरवर कधीही नाही, कारण ह्या वायरी माणसाच्या डोक्याला चिकटलेल्या असणार आहेत.

आता सुडो डीमेसेज मारा आणि शेवटच्या पाच-सहा ओळी नीट वाचा. त्यात एफटी२३१एक्स हे नाव दिसलं आणि डिव्हाइस टीटीवाययूएसबी० ला जोडलं गेल्याचं लिहिलेलं असलं की ड्रायव्हर बसला. एलएसयूएसबीमध्ये आयडी ०४०३:६०१५ असा दिसतो. काहीच दिसत नसेल तर मधला हब काढून थेट लॅपटॉपच्या पोर्टला लावून बघा.

सायटन महाग पडतो म्हणून कोणी सीएच३४० चिपचा स्वस्त आर्डुइनो क्लोन घेऊन त्याला अॅम्प्लिफायर जोडत असेल तर उबंटू २२.०४ वर पोर्ट दिसून लगेच गायब होतो. तो ब्रेलटीटीवाय नावाचा प्रोग्राम ओढून घेतो. सगळे सांगतात की काढून टाका, पण तो अंध लोकांच्या ब्रेल डिस्प्लेसाठी आहे, तेव्हा मशीन कॉलेजच्या लॅबमधलं असेल तर आधी विचारा.

आता परवानगी. पोर्ट दिसतो पण उघडत नाही, "परमिशन डिनाइड". उबंटू, डेबियन, फेडोरावर तुमचा यूजर डायलआउट ग्रुपमध्ये पाहिजे, आर्चवर यूयूसीपीमध्ये. कमांड अशी: सुडो यूजरमॉड, मग वजा चिन्हाला चिकटून छोटा ए आणि मोठा जी, मग ग्रुपचं नाव, मग तुमचं यूजरनेम. तो छोटा ए विसरू नका हं, तो नसेल तर बाकीच्या ग्रुपमधून, अगदी सुडोमधूनही, बाहेर पडाल. मग पूर्ण लॉगआउट करून परत लॉगिन, नुसतं नवीन टर्मिनल उघडून भागत नाही, माझी अख्खी संध्याकाळ ह्याच एका गोष्टीत गेली होती. सीएचमॉड ६६६ मारून पोर्ट सगळ्यांना खुला करायचा शॉर्टकट नको, डोंगल काढून लावला की परत तेच.

टायमिंगचं असं की एफटीडीआयचा लेटन्सी टायमर (डेटा पुढे ढकलण्याआधी चिप किती थांबते तो वेळ) मुळात १६ मिलिसेकंद असतो आणि सायटन सेकंदाला २५० सॅम्पल पाठवतो, म्हणजे दर ४ मिलिसेकंदाला एक. त्यामुळे डेटा गठ्ठ्यागठ्ठ्याने येऊ शकतो. सिस, बस, यूएसबी-सिरियल, डिव्हायसेस, टीटीवाययूएसबी० ह्या वाटेने गेलात की लेटन्सी_टायमर नावाची फाइल सापडेल, तिच्यात रूट म्हणून १ लिहा. डोंगल काढला की हे पुसलं जातं, म्हणून रोज वापरणार असाल तर यूडेव्हचा (डिव्हाइस लावलं की आपोआप चालणारा) नियम करून ठेवा.

बोर्डाचा डेटा वाचायच्या सॉफ्टवेअरसाठी मी पायथॉनची ब्रेनफ्लो ही लायब्ररी सुचवेन. आधी व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट बनवा, नव्या उबंटूवर पिप थेट सिस्टीममध्ये इन्स्टॉल करू देत नाही. बोर्ड आयडी ०, सिरियल पोर्ट वरचाच. एरर २ आला तर पोर्ट उघडला नाही, म्हणजे परवानगी तपासा, किंवा ओपनबीसीआयचा जीयूआय मागे चालू असेल तर तो बंद करा. एरर ७ आला तर पोर्ट ठीक आहे पण बोर्ड उत्तर देत नाहीये, तिथे बॅटरी आणि स्विच बघा.

सिग्नल आला तरी आधी गुंता दिसणार. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, तेव्हा नॉच फिल्टर (ठरावीक एकच फ्रिक्वेन्सी कापणारा) ५० वर ठेवा, बऱ्याच अमेरिकन उदाहरणांत ६० लिहिलेलं असतं. लॅपटॉपचा चार्जर काढा, बराच फरक पडतो. एखादा चॅनल १,८७,५०० मायक्रोव्होल्टवर सपाट पडून राहिला तर तो ड्रायव्हरचा दोष नाही, इलेक्ट्रोड सुटलाय. केस बाजूला करून पेस्ट परत लावा.

शेवटची चाचणी अशी करा. एक इलेक्ट्रोड डोक्याच्या मागच्या बाजूला, ओ१ वर. एका कानाच्या पाळीला एसआरबी२ (संदर्भाचा, म्हणजे रेफरन्स इलेक्ट्रोड), दुसऱ्या पाळीला बायस (ग्राउंडसारखा, गोंगाट कमी करणारा). शांत बसून डोळे मिटा, जबडा सैल सोडा. फ्रिक्वेन्सीच्या आलेखात ८ ते १२ हर्ट्झच्या मध्ये एक उंचवटा (अल्फा लहरी) वर येतो, डोळे उघडले की खाली बसतो. तो दिसला की सेटअप झाला.