‘उत्तम दर्जाचे काम’ लिहून सही करू नका: सोसायटीच्या दुरुस्ती करारात या चुका टाळा

मुंबईत पावसाळ्याआधी गच्ची आणि बाहेरच्या भिंती करून घ्यायच्या म्हणून सोसायट्या जानेवारीपासून कोटेशनं मागवायला लागतात. जनरल बॉडीत दरावरून तासभर वाद होतो आणि दर ठरला की उरलेला करार कोणी वाचत नाही. त्यात एक वाक्य हमखास असतं: ‘काम उत्तम दर्जाचे व समाधानकारक केले जाईल.’ ऑगस्टमध्ये वरच्या मजल्याच्या छताला ओल आली की सेक्रेटरी हेच वाक्य पुढे करतात. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, साहेब, काम उत्तमच आहे, यंदा पाऊसच जास्त झाला. आता काय बोलणार?

भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २९ प्रमाणे ज्या कराराचा अर्थ निश्चित नाही आणि निश्चित करताही येत नाही, तो रद्दबातल. कायद्यातच उदाहरण दिलंय: ‘शंभर टन तेल’ विकायचं ठरलं, पण कुठलं तेल ते कशावरूनच कळत नाही. तुमचा अख्खा करार अशाने रद्द होईल असं नाही, पण दर्जाच्या त्या वाक्यावर भांडण जिंकणं अवघड.

विशेषण लिहिलं, चाचणी नाही

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. ‘गच्ची पूर्णपणे वॉटरप्रूफ’ हे लिहायला सोपं आहे. त्याऐवजी असं लिहा: गच्चीवरचे सगळे आउटलेट बंद करून सर्वात उंच भागावरही किमान २५ मिमी पाणी राहील इतकं भरायचं, ते ७२ तास तसंच ठेवायचं, खालच्या मजल्यावरच्या छतांची पाहणी कमिटीचा माणूस आणि सोसायटीचा कन्सल्टंट इंजिनिअर यांनी मिळून करायची, एकही ओलसर डाग दिसला तर दुरुस्ती करून चाचणी पुन्हा, तीही कॉन्ट्रॅक्टरच्या खर्चाने.

पाणी सोडून दिल्यावर लगेच खाली उतरू नका. गच्ची जरा सुकली की डबकी कुठे राहिली ते दिसतं. ब्रिकबॅट कोब्याचा (विटांच्या तुकड्यांवर सिमेंट घालून केलेल्या थराचा) उतार चुकला असेल तर तो इथेच पकडला जातो, म्हणून उतारही आकड्यात हवा, उदाहरणार्थ १०० ला १. पॅरापेट (गच्चीचा कठडा) आणि गच्ची जिथे मिळतात ती गोलाई आणि पाइपांच्या भोवतालची जागा आधी फोटो काढून ठेवायच्या. गळती बहुधा तिथूनच सुरू होते आणि ‘हे आमच्या कामात नव्हतं’ हे उत्तरही तिथलंच.

प्लास्टरचंही तसंच. ‘प्लास्टर मजबूत’ नको. छोट्या हातोडीने ठोकल्यावर पोकळ आवाज आला तर तेवढा भाग तोडून पुन्हा करायचा, असं लिहा. मात्र हे परांची उतरवण्याआधी करायचं. परांची गेल्यावर सातव्या मजल्याची भिंत कोण ठोकणार?

‘आयएस कोडप्रमाणे’ म्हणून मोकळं होणं

आयएस कोड म्हणजे भारतीय मानक, पण कुठला कोड? नंबर आणि वर्ष हवं. काँक्रीट एम २० म्हटलं तर १५० मिमीच्या क्यूबची (चाचणीसाठी ओतलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्याची) २८ दिवसांनंतरची ताकद प्रति चौरस मिमी २० न्यूटन अपेक्षित असते. ते तपासायचं कोणी, हे करारात नसतं. क्यूबसाठी साइटवर वेगळा, सढळ सिमेंटचा माल कालवला जातो, हे गुपित नाही. तेव्हा मिक्सरमधून माल निघताना सोसायटीचा माणूस हजर, क्यूबवर तारीख आणि सही, आणि लॅब एनएबीएल (चाचणी लॅबना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेची, सोसायटीने निवडलेली. फी कोण देणार तेही आधीच ठरवा, कारण त्या किरकोळ रकमेवरून चाचणीच राहून जाते.

ब्रँडचं नाव दिलं की झालं, असं समजणं

एकाच कंपनीचा बाहेरचा रंग स्वस्तातला असतो आणि महागातलाही. पूर्ण उत्पादनाचं नाव, कोट किती, पाणी किती घालायचं हे लिहा. ‘किंवा समकक्ष’ हे शब्द असतील तर समकक्ष कोण ठरवणार तेही लेखी हवं, नाहीतर दुकानदार ठरवतो. सोसायटी स्वतः माल विकत घेत असेल तर आणखी एक गोम आहे. वस्तू विक्री कायदा, १९३० च्या कलम १६ नुसार ठरावीक व्यापारी नावाने माल मागितला, तर तो तुमच्या कामाला योग्य असेल अशी गर्भित अट लागू होत नाही. म्हणून कामाचा हेतू लिहून विक्रेत्याकडून लेखी शिफारस घ्या.

गॅरंटी महिन्यांत मोजणं

ऑक्टोबरअखेर काम संपलं आणि दोष-दुरुस्तीची मुदत ६ महिने, म्हणजे एप्रिलअखेर गॅरंटी संपली. एकही पावसाळा न बघता! मुदत ‘दोन पूर्ण पावसाळे’ अशी लिहा आणि शेवटची तारीख घाला. बिलातून राखून ठेवलेली रक्कमही त्याच तारखेनंतर सोडा. तक्रार दिल्यावर किती दिवसांत माणूस येणार, हेही नोंदवा. दंडाची रक्कम वाटेल तेवढी लिहून उपयोग नाही; करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे कोर्ट वाजवी भरपाईच देतं, लिहिलेला आकडा ही फक्त कमाल मर्यादा.

करार आधीच झाला असेल तर

काम चालू आहे आणि करारात यातलं काहीच नाही? पुढचं रनिंग बिल (झालेल्या कामाचं टप्प्याटप्प्याचं बिल) पास करण्याआधी कॉन्ट्रॅक्टर आणि कन्सल्टंटसोबत बसून चाचण्यांची यादी पुरवणी पत्रात घ्या. तिन्ही बाजूंच्या सह्या असू द्या. चांगला कॉन्ट्रॅक्टर फारसं कुरकुरत नाही, कारण त्यालाही शेवटचं बिल अडकायला नको असतं. जो थेट नकार देतो, त्याच्या झालेल्या कामाचं मोजमाप आणि फोटो त्याच आठवड्यात कन्सल्टंटकडून लेखी करून घ्या.