शेकोटीची जागा: आधी पाण्याची वाट, मग विटा

परसात शेकोटीचा खड्डा करताना सगळं लक्ष विटांच्या गोलाकडे जातं. मोठा पाऊस झाला की मात्र आत राखेचा काळा चिखल आणि खुर्च्यांखाली डबकं. बहुतेक वेळा यामागे एक समज असतो: तळाला खडी टाकली की निचरा झाला. खडी पाणी नुसतं धरून ठेवते. खाली चिकट माती असेल आणि पाण्याला पुढे जायला वाट नसेल, तर तो खड्डा म्हणजे खडी भरलेली बादली.

म्हणून जागा ठरली की आधी माती तपासा. ३० सेंमी रुंद आणि ४५ सेंमी खोल खड्डा खणून पाण्याने भरा. ते जिरू द्या, पुन्हा भरा आणि दुसऱ्या वेळी तासाभरात पातळी किती उतरते ते मोजा. पहिल्या वेळी कोरडी माती पाणी पिते, त्यामुळे तो आकडा फसवा असतो. तासाला २.५ सेंमी किंवा जास्त उतरत असेल तर साधी खडी पुरेल. त्याहून कमी असेल तर पाणी बाहेर नेणारा पाईप हवाच.

जागा निवडताना घर, कुंपण आणि शेडपासून निदान ३ मीटर अंतर ठेवा. ६ मीटर मिळालं तर उत्तम. वर झाडाच्या फांद्या नकोत, खाली पाण्याची लाईन किंवा केबल नको. परसातली सर्वांत सखल जागा टाळा. ती दिसायला छान असते, पण सगळ्या परसाचं पाणी तिथेच येतं. चढाच्या बाजूला १५ सेंमी खोल चर काढून वरून येणारं पाणी बाजूला वळवलं की अर्धा प्रश्न सुटतो.

पुढची मापं १ मीटर आतल्या व्यासाच्या शेकोटीची आणि भोवती ५ मीटर व्यासाच्या बैठकीची आहेत. मधोमध खुंटी ठोका आणि दोरीने दोन वर्तुळं आखा: एक २.५ मीटर त्रिज्येचं, दुसरं ८५ सेंमी त्रिज्येचं. मोठं वर्तुळ १५ सेंमी आणि आतलं ४५ सेंमी खोल खणा. दोन्ही मापं तयार जमिनीच्या पातळीपासून खाली मोजायची.

उतार द्यायचा तो खालच्या मातीला, आणि इथेच बहुतेक जण चुकतात. वरची खडी कितीही छान उतरती केली तरी पाणी तिच्यातून खाली जातं आणि मातीवरूनच वाहतं. माती सपाट असेल तर तिथेच थांबतं. आतल्या खड्ड्याच्या कडेपासून बाहेर दर मीटरला २ सेंमी उतार धरा, म्हणजे बैठकीच्या कडेला माती साधारण ३.५ सेंमी खाली येईल. पाणसळ लावून तपासा, मग माती धुम्मसने ठोका.

माती चिकट असेल तर आतल्या खड्ड्याच्या तळात १५ सेंमी खोल नाली काढून १०० मिमीचा पाईप टाका. खड्ड्याखालचा भाग भोकांचा, भोकं खालच्या बाजूला. बाहेरचा भाग बिनभोकांचा. दर मीटरला निदान १ सेंमी उतार हवा आणि तोंड सखल जागी उघडं, जाळी लावून. सखल जागाच नसेल तर शोषखड्डा करावा लागतो, पण आकडा पाहून. ५० मिमी पावसात या बैठकीवर जवळजवळ १,००० लिटर पाणी पडतं. १ मीटर लांब, रुंद, खोल शोषखड्ड्यातल्या खडीच्या पोकळीत ४०० लिटरच्या आसपासच मावतं. चिकट मातीत तो रिकामा व्हायलाही वेळ लागतो, म्हणून तिथे तो मोठाच घ्या. पीव्हीसी पाईप उष्णतेने लवकर मऊ पडतो, तेव्हा त्याच्यावर २५ सेंमीहून कमी खडी ठेवू नका.

बैठकीच्या मातीवर जिओटेक्स्टाइल कापड (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं) अंथरा, जोडावर ३० सेंमी चढवून. त्यावर १० सेंमी २० मिमी खडी ठोकून बसवा, वर ५ सेंमी १० मिमी खडी. ठोकल्यावर दबणारा भाग धरून पहिली सुमारे २ घनमीटर आणि दुसरी १ घनमीटर लागेल. खड्ड्याच्या तळाच्या २५ सेंमी थराला २० मिमीची आणखी ०.६ घनमीटर. धुतलेलीच खडी घ्या. कच मिसळलेली स्वस्त पडते, पण पोकळ्या बुजवते. कापड खड्ड्यात नेऊ नका. तिथे ते राखेच्या बारीक कणांनी चोंदतं.

आतली भिंत फायर ब्रिकची, म्हणजे आच सोसणाऱ्या विटांची. २३० × ११५ × ७५ मिमी विटा आडव्या लावल्यास एका थरात १३ बसतात, सहा थरांना ७८. तुटफूट धरून ८५ घ्या. भिंत ४५ सेंमी उंच होते, त्यातली २० जमिनीखाली. वरचा भाग पृष्ठभागावरून येणारं पाणी अडवतो. सगळ्यात खालच्या थरात पाण्यासाठी, आणि चौथ्या थरात हवेसाठी, ५ सेंमीच्या चार फटी ठेवा. चौथा थर जमिनीच्या नुकताच वर येतो, म्हणून फटीतून हवा जाते, वाहतं पाणी नाही. विटा साध्या सिमेंटने जोडू नका, आचेने ते भुगा होतं. उष्णतारोधक मसाला वापरा किंवा कोरड्याच रचा. ५ सेंमी मोकळी जागा सोडून बाहेर दगडाची किंवा विटांची भिंत उभी करा. हवेच्या फटी तिच्यातही आतल्या फटींच्या समोर ठेवा, आणि त्या सोडून बाकी पोकळी कोरड्या बारीक खडीने भरा.

नदीतले गोटे आत किंवा आगीजवळ कुठेही लावू नका. त्यांच्यात मुरलेल्या पाण्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला जागा नसते आणि दगड फुटून तुकडे उडतात.

आग पेटवण्याआधी खड्ड्यात ३०० लिटर पाणी ओता. काही मिनिटांत ते दिसेनासं झालं पाहिजे. तुंबलं तर आधी पाईपचं तोंड आणि उतार पाहा. पहिल्या दोन-तीन शेकोट्या लहान ठेवा, म्हणजे विटांतला ओलावा हळूहळू निघेल. राख पूर्ण थंड झाल्यावर झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात काढा. तिच्याखाली निखारे दिवसभरानंतरही जिवंत असू शकतात. तशीच राहिली तर पावसात ती खडीत उतरून घट्ट बसते, आणि मग वरची ८-१० सेंमी खडी काढून धुण्याशिवाय इलाज नसतो.