सिग्नल चालू कसा होतो ते सगळे शिकवतात, बंद कसा होतो ते पण शिका

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी हेला पेशींना (लॅबमध्ये वाढवतात त्या माणसाच्या कॅन्सरपेशी) टीएनएफ (सूज चालू करणारं सिग्नल प्रोटीन) दिलं, तासाभराने लायसेट (पेशी फोडून मिळणारा रस) काढलं, वेस्टर्न (एखादं प्रोटीन बँड म्हणून दाखवणारी चाचणी) केलं, तर आयकॅपाबी-अल्फा या प्रोटीनचा जो बँड गायब व्हायला हवा होता, तो अगदी टीएनएफ न दिलेल्या कंट्रोलसारखाच. मला वाटलं टीएनएफच खराब झालंय, नवीन व्हायल मागवली, तरी तेच, तीन आठवडे असेच गेले. मग लॅबमधल्या ताईने विचारलं, अगं १५ मिनिटांना काय दिसतं? तो पॉइंट मी घेतलाच नव्हता. घेतला तर बँड गायब, आणि ६० मिनिटांना परत हजर!

तर होतं असं की आयकॅपाबी-अल्फा एनएफ-कॅपाबीला (जीन्स चालू करणारं प्रोटीन) न्यूक्लियसबाहेर अडवून ठेवतं, टीएनएफ आलं की आयकेके हे एन्झाइम आयकॅपाबी-अल्फाला फॉस्फेट लावतं, मग प्रोटिअसोम (पेशीतलं प्रोटीन तोडणारं यंत्र) ते तोडतं, एनएफ-कॅपाबी सुटून आत जातं आणि जीन्स चालू करतं, आणि त्या जीन्समध्ये आयकॅपाबी-अल्फाचं जीनसुद्धा असतं. म्हणजे चालू करणाराच बंद करणाऱ्याला बनवतो. नवीन बनलेलं आयकॅपाबी-अल्फा न्यूक्लियसमध्ये शिरून एनएफ-कॅपाबीला बाहेर काढून आणतं. पटत नसेल तर सायक्लोहेक्सिमाइड देऊन बघा, प्रोटीन बनणं थांबतं आणि बँड परत येतच नाही. हा ब्लॉट एकदा तरी स्वतः करा, पुस्तकातली बाणांची आकृती त्याच्यानंतर वेगळीच वाटते.

सिग्नल बंद करणारं दुसरं प्रोटीन ए२०, ते पण एनएफ-कॅपाबीमुळेच वाढतं, पण ते वर रिसेप्टरपाशी युबिक्विटिनच्या (दुसऱ्या प्रोटीन्सना खुणेसारखं लागणारं छोटं प्रोटीन) साखळ्यांवर काम करतं. ए२० नसलेले उंदीर सगळीकडे सूज येऊन लहानपणीच मरतात, हे २००० साली कळलं. आणि माणसात ए२०ची एक कॉपी बिघडली तरी लहान वयातच ताप, तोंडात अल्सर असा त्रास सुरू होतो, हे २०१६ मध्ये आलं. मला हे वाचून खरंच धक्का बसला होता, कारण तोवर फीडबॅक म्हणजे परीक्षेतला एक मार्क एवढंच डोक्यात होतं. सायटोकाइनच्या (पेशींमधले निरोप नेणारी प्रोटीन्स) जॅक-स्टॅट या सिग्नलच्या मार्गात हेच बंद करण्याचं काम सॉक्स प्रोटीन्स करतात, ते नंतर वाचा.

टाइम कोर्स ०, ५, १५, ३०, ६०, १२० मिनिटं असा घ्या, फॉस्फोचा (फॉस्फेट लागलेल्या आयकॅपाबी-अल्फाचा) बँड पहिल्या काही मिनिटांतच सापडतो म्हणून ५ सोडू नका. आणि टीएनएफ उलट्या क्रमाने द्या, १२० वाल्या प्लेटला सगळ्यात आधी, म्हणजे सगळ्या प्लेट्स एकदमच बर्फावर येतात.