अनोळखी खलनायकांची खेळणी जमवायची असतील तर

स्टिल्ट-मॅन ठाऊक आहे का? विल्बर डे नावाचा माणूस दुसऱ्याचा शोध चोरतो, पायांना लांबणाऱ्या हायड्रॉलिक काठ्या लावतो आणि उंच इमारतींच्या खिडक्यांतून आत शिरतो. १९६५ साली मार्व्हल कॉमिक्समधल्या डेअरडेव्हिल या नायकाच्या ८व्या अंकात तो पहिल्यांदा आला. जोकरला जग ओळखतं, विल्बरला फार थोडे. मला अशीच माणसं आवडतात आणि त्यांचीच खेळणी मी जमवते. ज्यांना हा नाद लावून घ्यायचा आहे, त्यांच्यासाठी मी चुकतमाकत जे शिकले ते सांगते.

आधी कुंपण घाला. ‘सगळे अनोळखी खलनायक’ असं ठरवलंत तर कपाट भरेल, पण संग्रह होणार नाही. एखाद्या नायकाचे शत्रू घ्या, नाहीतर एखाद्या चित्रकाराची पात्रं. मी जॅक कर्बी या अमेरिकन कॉमिक्स-चित्रकारापासून सुरुवात केली, आणि नवख्यालाही तेच सुचवीन. केनर कंपनीच्या ‘सुपर पॉवर्स’ मालिकेत १९८५ साली डार्कसाइड या कर्बीने घडवलेल्या डीसी कॉमिक्सच्या खलनायकाचं सगळं गोत एकदम आलं: कॅलिबॅक, डिसाड, मँटिस, पॅराडेमन आणि स्टेपनवुल्फ. डार्कसाइड धरून सहा. एवढा संच पुरा करणं आवाक्यातलं आहे. या पात्रांची रूपं खेळण्यांसाठी कर्बीनेच नव्याने रेखाटली आणि त्याला त्यांची रॉयल्टी मिळाली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मालकीची पात्रं घडवत आलेल्या माणसाला उतारवयात हा वाटा मिळाला, हे मला फार मोलाचं वाटतं. मँटिस हातात घेतला की ते आठवतंच.

दुसरं म्हणजे, अशा पात्राचं खेळणं मुळात निघतं कसं ते समजून घ्या. नवा साचा महाग पडतो. ज्याला फारसं कुणी ओळखत नाही त्याच्यासाठी कंपनी सगळं अंग नव्याने घडवत नाही. जुनंच धड, जुनेच हातपाय घेते. डोकं, पट्टा, शस्त्र तेवढं नवं करते. मॅटेलच्या ‘डीसी युनिव्हर्स क्लासिक्स’ने २००८पासून हेच केलं. म्हणून तर किलर मॉथ, टिअर, गोल्डन फॅरो यांच्यासारखे लोक त्या मालिकेत येऊ शकले. याचा तुम्हाला थेट उपयोग असा, की एखादा तुटका खलनायक घेतलात तर त्याच अंगाच्या दुसऱ्या स्वस्त खेळण्याचा पाय त्याला बसण्याची शक्यता असते. फक्त रंग जुळतो का ते बघायचं.

आता ॲक्सेसरी, म्हणजे खेळण्यासोबत येणारी शस्त्रं आणि सुट्या वस्तू. इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण सर्वांत जास्त फसवणूक इथेच होते. सुपरमॅनच्या हातात काही नसलं तरी तो सुपरमॅनच राहतो. अनोळखी खलनायकाची ओळख मात्र बहुतेक वेळा त्याच्या हातातल्या वस्तूतच असते. स्टेपनवुल्फचा परशू गेला की उरतो तो हिरव्या कपड्यातला कुणीतरी. माझा पहिला स्टेपनवुल्फ ‘पूर्ण, मूळ परशूसह’ असं सांगून विकला गेला होता. परशू हातात बसवताना तो जरा जास्तच वाकला. मूळ परशूच्या फोटोशेजारी धरून पाहिला, तर कडा बोथट, कोरीव रेषा पुसट, रंग किंचित वेगळा. नंतर कुणीतरी ओतलेली नक्कल होती ती. विक्रेत्याने पैसे परत केले नाहीत. त्या दिवसापासून मी ॲक्सेसरीचा वेगळा, जवळून काढलेला फोटो मागते, दोन्ही बाजूंनी. नक्कल विकण्यात गैर नाही, ती नक्कल म्हणून विकली गेली पाहिजे.

‘सुपर पॉवर्स’मधल्या काहींचे पाय दाबले की हात हलतात, काहींचे हात दाबले की पाय. ही यंत्रणा फोटोत दिसत नाही. दहा सेकंदांचा व्हिडिओ मागा, प्रामाणिक विक्रेता नाही म्हणत नाही. खेळण्याच्या अंगावर कोरलेल्या सालावरही भिस्त ठेवू नका. ते बहुधा कॉपीराइटचं साल असतं, खेळणं त्यानंतर कितीतरी वर्षांनी बनलेलं असू शकतं. आणि कार्ड, म्हणजे खेळणं ज्यावर लावून विकतात तो छापील पुठ्ठा, नाही म्हणून लगेच नाक मुरडू नका. स्टेपनवुल्फ कार्डावर विकला जायचा तसा टपालानेही मागवता यायचा.

किमतीबद्दल थोडक्यात. पात्र सिनेमात आलं की भाव चढतो. स्टेपनवुल्फ २०१७ साली मोठ्या पडद्यावर मुख्य खलनायक झाला, पोल्का-डॉट मॅन २०२१ साली पडद्यावर आला. घोषणा झाल्यावर धावू नका. उलट त्याच पात्राचं नवं खेळणं बाजारात आलं की जुन्याचा भाव पुष्कळदा खाली येतो, तेव्हा घ्या. काही खेळणी मात्र मुळातच थोड्या ठिकाणी पोहोचली. मॅटेलच्या ‘सीक्रेट वॉर्स’ या मार्व्हलच्या पात्रांच्या मालिकेतला कन्स्ट्रिक्टर अमेरिकेतल्या दुकानांत आलाच नाही, युरोपात विकला गेला. मजा म्हणजे त्या नावाच्या मार्व्हलच्या बारा अंकी कथेतही तो नाही. त्याच्यासाठी थांबावंच लागतं. मी अजून थांबले आहे.

‘बिल्ड-अ-फिगर’ हा वेगळा मार्ग. संचातल्या प्रत्येक डब्यात मोठ्या खेळण्याचा एकेक तुकडा असतो, सगळे जमले की तो उभा राहतो. हॅस्ब्रो कंपनीने ‘मार्व्हल लेजेंड्स’ मालिकेत स्टिल्ट-मॅन असाच काढला. सगळे डबे घ्यायची गरज नाही, लोक तुकडे सुटे विकतात. पण उरलेला शेवटचा तुकडा हमखास महाग पडतो, म्हणून जो सर्वांत कमी दिसतो तो आधी घ्या.

ज्यांचं मोठं खेळणं कधी निघालंच नाही, त्यांना छोट्या आकारात शोधा. २००२पासून निघणाऱ्या हीरोक्लिक्स या टेबलावरच्या खेळाच्या इवल्या मूर्तींमध्ये विस्मरणात गेलेले कितीतरी जण सापडतात. लेगोच्या २०१७च्या बॅटमॅन मिनिफिगर्समध्ये, म्हणजे चिमुकल्या बाहुल्यांमध्ये, तर इरेझर आहे, कॅलक्युलेटर आहे, झोडिॲक मास्टर आहे. इरेझर १९६६ सालचा. डोक्यावर पेन्सिलीचं खोडरबर घालून गुन्ह्यांचे पुरावे पुसणाऱ्या माणसाला कुणीतरी आठवणीने जागा दिली, याचा मला मनापासून आनंद झाला.

घरी आल्यावरची निगा. जुनं मऊ प्लास्टिक हाताला चिकट लागलं तर घाबरू नका. ते मऊ ठेवणारं द्रव्य वर येतं. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा थेंब टाका, मऊ ब्रशने हलकेच घासा, लगेच कोरडं करा. थिनर, स्पिरिट लावू नका, रंग निघून येतो. आत यंत्रणा असलेली खेळणी पाण्यात बुडवायची नाहीत, ओल्या फडक्याने पुसायची. वाकलेली तलवार किंवा पाय गरम पाण्यात काही सेकंद धरून सरळ केला आणि लगेच गार पाण्यात घातला की तसाच राहतो. ऊन टाळा, पांढरं प्लास्टिक पिवळं पडतं. मऊ प्लास्टिक कडक प्लास्टिकला महिनोन्महिने चिकटून ठेवू नका, दोन्ही खराब होतात.

परशू मी स्टेपनवुल्फच्या हातात ठेवत नाही. सतत धरून बोटं पसरतात आणि मग पकड सैल होते. तो नाव लिहिलेल्या छोट्या पाकिटात, त्याच फळीवर मागे ठेवलेला असतो.