स्ट्रोक मापात आहे म्हणजे लायनर शिल्लक आहे असं नाही

ट्रकच्या ब्रेकचं काम नव्याने शिकणाऱ्यांसाठी हे लिहितोय. एअर ब्रेक कसा चालतो आणि ड्रमच्या आत काय काय असतं, हे तुम्हाला माहीत आहे असं धरतो. लायनर, म्हणजे शूवरचा घासला जाणारा थर, नेमका कधी बदलायचा, हे मात्र शिकाऊ पोराला कोणी बसवून सांगत नाही. मलाही नाही सांगितलं. "गाडी थांबतेय ना? मग चालू दे," एवढंच उत्तर मिळायचं. त्या उत्तराचा मला आजही राग येतो.

छोट्या गाडीत ब्रेक सैल झाला की पेडल खाली जातं, पायाला कळतं. एअर ब्रेकच्या पेडलखाली नुसता व्हॉल्व असतो. लायनर कोरा करकरीत असो नाहीतर रिव्हेटपर्यंत आलेला, पायाला सारखंच लागतं. त्यामुळे ड्रायव्हर "ब्रेक मस्त आहे" म्हणाला तरी खाली वाकून बघायचंच.

आता मुख्य गोष्ट. ही दोनदा सांगितली तरी चालेल.

लायनर झिजतो तसं शू आणि ड्रममधलं अंतर वाढतं आणि ब्रेक चेंबरमधून निघणाऱ्या पुशरॉडला जास्त बाहेर यावं लागतं. पुशरॉड जेवढा बाहेर येतो तो स्ट्रोक. आपण पाना लावून स्लॅक ॲडजस्टर (पुशरॉड आणि कॅमला जोडणारा हात) फिरवतो, कॅम पुढे सरकतो, शू ड्रमच्या जवळ येतात आणि स्ट्रोक पुन्हा मापात येतो. ब्रेक चांगला लागायला लागतो. पण लायनर जेवढा पातळ होता तेवढाच राहिला. शू ड्रमपासून किती लांब आहे, एवढंच स्ट्रोक सांगतो. शूवर माल किती उरलाय, हे त्यातून कधीच कळत नाही. ही दोन वेगळी मापं आहेत आणि दोन्ही वेगवेगळी घ्यावी लागतात. आम्हाला फक्त पहिलं, स्ट्रोकचं माप शिकवलं होतं. असाच वेळोवेळी टाईट करत आणलेल्या एका गाडीचा ड्रम मी उतरवला, तर आतल्या चकचकीत भागावर रिव्हेटच्या रांगांनी गोल खाचा पाडल्या होत्या, बोट फिरवलं की नख अडकेल अशा. त्या चाकाचा स्ट्रोक मापात होता.

ऑटो स्लॅक ॲडजस्टर असेल तर हा फसवेपणा आणखी वाढतो, कारण तो स्वतःच अंतर भरून काढत जातो. स्ट्रोक शेवटपर्यंत छान दिसतो. आणि ऑटो स्लॅक असूनही स्ट्रोक हद्दीबाहेर गेला, तर पाना लावून टाईट करून गाडी सोडू नका. तिथे दुसरंच काहीतरी बिघडलेलं असतं. पुशरॉड स्लॅकला जोडणारी क्लेव्हिस पिन झिजलेली, कॅमचे बुश खाल्लेले, नाहीतर स्लॅक खराब किंवा चुकीचा बसवलेला. हाताने टाईट केलं की थोडे दिवस बरं दिसतं आणि मूळ दोष झाकला जातो. हे "चटकन टाईट करून देतो" प्रकरण मला मुळीच पटत नाही, कितीही मोठा मिस्त्री सांगत असला तरी.

हे असंच पुढे ढकलत नेलं तर शेवटी काय होतं? लायनर आणि ड्रम दोन्ही फार झिजले की एस-कॅम (इंग्रजी S च्या आकाराचा हाच कॅम) इतका फिरतो की शूचा रोलर त्याच्या टोकावरून पलीकडे घसरतो. मग ब्रेक सुटतच नाही, चाक जाम होतं. भर रस्त्यात भरलेल्या गाडीचं असं झालं तर काय, याचा विचार तुम्हीच करा.

घाबरू नका, मापं घेणं अवघड नाही. स्ट्रोकसाठी गाडी सपाट जागी, चाकांना ठोकळे, पार्किंग ब्रेक सोडलेला, टाकीत 90 ते 100 पीएसआय हवा. चेंबरच्या तोंडाशी पुशरॉडवर खडूची खूण करा, कोणालातरी पेडल पूर्ण दाबून धरायला सांगा आणि खूण किती बाहेर आली ते मोजा. टाइप 30 च्या साध्या चेंबरला हद्द 2 इंच, म्हणजे 51 मि.मी.; लाँग स्ट्रोक चेंबरला अडीच इंच. हा 30 म्हणजे डायफ्रामचं 30 चौरस इंच क्षेत्रफळ. चेंबर कुठल्या प्रकारचा आहे हे न बघता मोजलेल्या मापाला अर्थ नाही. आणि थंड गाडीचा स्ट्रोक हद्दीच्या काठावर असेल तर तो चालेल असं समजू नका. लांब उतारावर ड्रम तापून फुगतो, पुशरॉड आणखी बाहेर येतो आणि नेमका तिथेच जोर कमी पडतो.

लायनरची जाडी शूच्या मध्यावर मोजायची, कारण बऱ्याच लायनरची टोकं मुळातच पातळ असतात. धूळझाकणाच्या भोकातून टॉर्च मारली की कड दिसते, पण तेवढ्यावर भागवू नका. आत-बाहेर झीज सारखी नसते. ड्रम ब्रेकच्या शूला पाव इंच, म्हणजे 6.4 मि.मी., ही शेवटची हद्द बऱ्याच ठिकाणी धरतात. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच खरा. काही लायनरच्या कडेला झीज दाखवणारी खाच असते, तिच्यापर्यंत आला की बदला.

जाडी भरपूर असूनही लायनर बाद होतो, हेही लक्षात ठेवा. हबच्या सीलमधून ग्रीस किंवा तेल गळून लायनर भिजला असेल तर पेट्रोलने धुऊन, घासून पुन्हा बसवणं हा शॉर्टकट नाही, धोका आहे. आत मुरलेलं तेल तापल्यावर परत वर येतं. आधी सील बदला, मग लायनर. रिव्हेटच्या भोकापासून निघालेली चीर किंवा शूवरून सुटलेला तुकडा दिसला तरी तेच. आणि बदलायचा तर ॲक्सलच्या दोन्ही बाजूंचा, एकाच ग्रेडचा. एकच चाक केलं तर गाडी एका अंगाला ओढते.

ड्रमची हद्द ड्रमवरच कोरलेली असते, ती वाचा. उष्णतेने पडलेल्या केसासारख्या बारीक रेषा वरवरच्या असतील तर त्या दिसल्या म्हणून लगेच ड्रम फेकायची गरज नाही. चीर आरपार गेली किंवा कडेपर्यंत पोचली तर मात्र ड्रम बाद.

दोन गोष्टींवर घासाघीस नको. पार्किंगचा स्प्रिंग चेंबर उघडायचा नाही. आतली स्प्रिंग प्रचंड दाबाखाली असते आणि तिने माणसं मेली आहेत. ड्रम काढण्याआधी स्प्रिंग दाबून धरणाऱ्या केजिंग बोल्टने ती बांधून घ्या. आणि ब्रेकची धूळ हवेच्या पाइपने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. धूळ ओली करून पुसा. "आम्ही तर आयुष्यभर फुंकत आलो" म्हणणारे भेटतील. त्यांचा मान ठेवा, पण हे त्यांच्याकडून शिकू नका.

सुरुवातीला वेळ लागेल, शेजारचा तुमच्या आधी दोन गाड्या सोडेल. सोडू दे. तुम्ही प्रत्येक चाकाचा स्ट्रोक आणि जाडी दोन वेगळ्या रकान्यांत लिहून ठेवा. पुढच्या वेळी तीच गाडी आली की कुठलं चाक इतरांपेक्षा लवकर खातंय ते कागदावरच दिसेल. नवे लायनर टाकले असतील तर ते ड्रमला पूर्ण टेकायला थोडं चालवावं लागतं. पहिल्या फेरीनंतर गाडी परत बोलावून थंड झाल्यावर स्ट्रोक पुन्हा मोजा.