काळा घोडा महोत्सवात फोटो विकायचे असतील तर

"छान आहे हो, पण असा फोटो माझ्या मोबाइलमध्येपण आहे." स्टॉल लावलात की पहिल्या तासाभरात हे वाक्य कानावर पडणारच. वाईट वाटून घेऊ नका, बोलणारा खोटं बोलत नसतो. दाभोळच्या खाडीवरचा सूर्यास्त आज फेरीबोटीत बसलेल्या प्रत्येकाच्या खिशात आहे. मग आपण विकतो काय? कागद. चांगल्या कागदावर नीट छापलेली, माउंटमध्ये (चित्राभोवतीच्या जाड पुठ्ठ्याच्या चौकटीत) बसवलेली, हातात धरून बघता येईल अशी एक वस्तू. एवढं डोक्यात पक्कं बसलं की साइज कुठला, किंमत किती, पॅकिंग कसं, हे सगळं त्यावरूनच ठरत जातं.

मी चिपळूणची. कोकणातला पाऊस, पडव्या, खाड्या यांचे कृष्णधवल फोटो काढते आणि कला महोत्सवांत विकते. इथे मुख्यतः मुंबईच्या काळा घोडा महोत्सवाबद्दल लिहिते, कारण आपल्याकडच्या बहुतेकांची पहिली नजर तिथेच असते. 1999 साली सुरू झालेला हा महोत्सव जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला नऊ दिवस चालतो. प्रवेश फुकट. फुकट म्हणजे शनिवार-रविवारी पाय ठेवायला जागा नाही, आणि त्यातले निम्मेअधिक लोक फिरायला आणि सेल्फी काढायला आलेले. तुमचं गिऱ्हाईक त्याच गर्दीत असतं, फक्त ते गर्दीच्या वेगाने चालत नाही.

आधी अर्ज. स्टॉल पैसे भरले की मिळतो असं नाही, निवड होते. अर्जाची तारीख महोत्सवाच्या काही महिने आधीच येऊन जाते, म्हणून गणपती झाले की लक्ष ठेवायला लागा. निवडणाऱ्यांना एका माणसाचं काम बघायचं असतं. एक वाघ, एक ताजमहाल, एक फूल आणि एक साधू असे चार फोटो पाठवलेत तर ते कॅलेंडरवाल्याचं काम वाटतं. एकाच विषयाचे, एकाच नजरेचे सात-आठ फोटो पाठवा. जोडीला मांडलेल्या स्टॉलचा एक फोटो द्या. अजून स्टॉल लावला नसेल तर घराच्या भिंतीवर मांडणी करून त्याचा काढा.

विक्रीसाठीसुद्धा बारा-पंधरा चित्रं पुरेत. साठ ठेवलीत तर माणूस चाळत बसतो आणि शेवटी "सगळेच छान आहेत" म्हणून निघून जातो. कुठली ठेवायची? तुमची स्वतःची सर्वांत लाडकी दोन ठेवा, ती विकली जाणार नाहीत हे धरून चाला. बाकीची अशी हवीत की बघणाऱ्याला त्यात आपलं काहीतरी सापडेल. मुंबईत माझ्याकडे सर्वांत जास्त थांबतात ते चाकरमानी. कौलावरून पागोळ्या पडताहेत आणि पडवीत रिकामा झोपाळा आहे, एवढाच फोटो. "आमच्या गावच्या घराला अशीच पडवी होती," असं म्हणणारा माणूस किंमत विचारण्याआधीच पाकीट चाचपतो. नाशिकच्या माणसाने घाट आणि वाडे घ्यावेत, सोलापूरच्याने माळरान घ्यावं. जिथे तुम्ही बाराही महिने जाऊ शकता ती जागा धरा.

माणसांच्या चेहऱ्यांबाबत माझं मत कडक आहे. वारीतल्या आजोबांचा फोटो काढला आणि तो विकायचा असेल, तर त्यांना विचारलेलं असलं पाहिजे आणि एक प्रिंट त्यांच्या घरी पोचलेली असली पाहिजे. लहान मुलांचे चेहरे मी विकतच नाही. गरिबीचे फोटो कोणी दिवाणखान्यात लावत नाही, आणि लावूही नयेत.

आता कागद. साध्या फोटो लॅबचा चकचकीत कागद घेऊन महोत्सवात जाऊ नका. लोकांना त्यात लग्नाचा अल्बम दिसतो. कॉटन रॅग कागद घ्या. हानेम्यूले या जर्मन कंपनीचा फोटो रॅग 308 जीएसएमचा (दर चौरस मीटरला 308 ग्रॅम), पूर्ण कापसाचा कागद आहे. महाग आहे, पण हातात घेतला की फरक सांगावा लागत नाही. शाई पिगमेंटचीच (रंगाचे बारीक घन कण असलेली) असल्याची छापणाऱ्याकडून खात्री करून घ्या. डाय शाई, म्हणजे विरघळलेल्या रंगाची, उजेडात लवकर फिकी पडते आणि दोन वर्षांनी गिऱ्हाईक तुम्हाला शोधत येतं. कोकणातल्यांनी आणखी एक पथ्य पाळावं, पावसाळ्यात प्रिंट काढून साठवू नयेत. कापसाचा कागद ओल धरतो आणि लाटा येतात. दिवाळीनंतर छापा, प्रत्येक दोन प्रिंटमध्ये बटर पेपर घाला, खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका.

साइज ठरवताना मी दोन गोष्टी बघते, वन बीएचकेची भिंत आणि लोकलचा डबा. तुमचं गिऱ्हाईक चर्चगेट किंवा सीएसएमटीहून घरी जाणार आहे. संध्याकाळी सातच्या विरार गाडीत जे नेता येत नाही ते विकलं जात नाही. म्हणून माझा मुख्य माल 8×12 इंचांची प्रिंट. चारी बाजूंनी दोन इंच माउंट सोडला की बाहेरचं माप 12×16 होतं. हे मांडीवर मावतं, आणि कुठलाही फ्रेमवाला त्याला फ्रेम करून देतो. त्याच्या वर 12×18. भिंतीवर टांगायला एक-दोन 20×30 फ्रेम केलेल्या ठेवा. त्या विकायला नसतात, लांबून येणाऱ्याचे पाय थांबवायला असतात. विकल्या गेल्याच तर घरपोच पाठवायचं कबूल करा. 24 मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची फाइल 6000×4000 पिक्सेलची असते. 12×18 ला ती 300 डीपीआयच्याही (दर इंचाला मिळणारे ठिपके) वर जाते. 20×30 ला 200 मिळतात, पण एवढं मोठं चित्र लोक चार हात लांबून बघतात, चालून जातं.

किंमत भाड्यावरून उलटी काढा. हिशेबापुरता आकडा घेऊ. स्टॉल, प्रवास, राहणं, मदतनीस मिळून 57,000 खर्च आला. 8×12 ची प्रिंट, माउंट, मागचा बोर्ड आणि पारदर्शक पाकीट धरून 550 ला पडते आणि तुम्ही 1,500 ला विकता. हातात 950 राहतात. म्हणजे नुसता खर्च निघायला 60 प्रिंट, नऊ दिवसांत रोजच्या सहा-सात. आधी हा आकडा कागदावर मांडा आणि तो झेपेल का हे स्वतःला विचारा. सोमवार ते गुरुवार दुपारी शुकशुकाट असतो हेही त्यात धरा.

पोस्टकार्डं जरूर ठेवा, पण मागे. सहांचा संच 250 ला. पुढे मांडलीत तर 1,500 खर्च करायच्या तयारीने आलेला माणूस पन्नास रुपयांचं एक कार्ड घेऊन सुटतो.

मर्यादित आवृत्ती, म्हणजे ठरवलेल्या संख्येइतक्याच प्रिंट, करायची असेल तर ती मोठ्या साइजची करा, आणि 25 म्हटलं की सगळ्या साइज मिळून 25 की प्रत्येक साइजच्या 25, हे पहिली प्रिंट विकण्याआधी वहीत लिहून ठेवा. चित्राखालच्या कोऱ्या पट्टीत डावीकडे शिसपेन्सिलीने क्रमांक, उजवीकडे सही. पावतीवर एक ओळ छापून घ्या की प्रिंट विकली आहे, कॉपीराइट विकलेला नाही. हॉटेलवाले आणि इंटीरियरवाले त्या ओळीमुळे पुढे निमूट परवानगी मागतात.

मांडणीत खरी लढाई वाऱ्याशी. दुपारी समुद्रावरून वारा सुटला की जाळीची पॅनेल डोलायला लागतात. तळाला पाण्याचे पाच लिटरचे कॅन बांधा, फ्रेम एस हुकवर नुसती टांगू नका, खालून झिप टायने आवळा. काच नकोच. फुटते, आणि संध्याकाळी त्यात चित्राऐवजी समोरच्या स्टॉलचे दिवे दिसतात. दिवे स्वतःचे न्या, फार पिवळे नकोत, नाहीतर कृष्णधवल चित्र चहात बुडवल्यासारखं दिसतं. माउंट केलेल्या प्रिंट एका लाकडी पेटीत उभ्या ठेवा. पेटी कमरेच्या उंचीवर हवी, खाली ठेवलीत तर कोणी वाकत नाही. आणि एक प्रिंट मुद्दाम पाकिटाबाहेर ठेवा, हात लावायला. "मोबाइलमध्येपण आहे" म्हणणाऱ्याच्या हातात ती द्या, वाद घालू नका. तो कागदावरून अंगठा फिरवतो, तिरकी धरून बघतो, आणि बहुतेक वेळा पुढचा प्रश्न कागदाबद्दल येतो. तिथून विक्री सुरू होते.

"कॅमेरा कुठला? लेन्स कुठली?" विचारणारे पुरुष विकत घेत नाहीत. दोन मिनिटं प्रेमाने बोला आणि नजर त्या बाईंवर ठेवा ज्या पुढे जाऊन परत आल्या आहेत. त्यांना फोटो कसा काढला ते सांगू नका, कुठे काढला ते सांगा. गाव, महिना, पाऊस. नंतर गप्प बसा. शांतता सहन न होऊन आपणच किंमत कमी करून मोकळे होतो, हा आपल्या लोकांचा जुना रोग.

घासाघीस होणारच. एका प्रिंटवर रुपया सोडू नका, दोनवर सोडा: "एक पंधराशे, दोन सत्तावीसशे." शेवटच्या संध्याकाळी सेल लावू नका. पहिल्या दिवशी पूर्ण भावाने घेतलेले लोक शेवटच्या रविवारी परत चक्कर मारतात. "नवऱ्याला विचारून येते" म्हणणारीला ज्यावर त्या चित्राचा नंबर लिहिलाय असं कार्ड द्या. ती येणार नाही, पण कार्ड फ्रिजवर लागतं आणि मार्चमध्ये व्हॉट्सअ‍ॅप येतो.

पैशांची सोय दुहेरी ठेवा. गर्दीत नेटवर्क बसतं आणि यूपीआय गोल गोल फिरत राहतं, म्हणून दोन वेगळ्या कंपन्यांची सिम आणि सुट्टे पैसे जवळ हवेत. पैसे जमा झाल्याचं स्वतःच्या फोनवर बघा, समोरच्याच्या स्क्रीनवर नाही. सुट्ट्यांबद्दल एक टीप: भवानी बहुधा पाचशेच्या नोटांनी होते आणि शंभरच्या तेव्हाच संपतात.

कराचं थोडक्यात. महाराष्ट्रात राहून महाराष्ट्रातच वस्तू विकत असाल तर वर्षाला 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. पण गोव्याला किंवा बंगळुरूला स्टॉल लावायचा तर गोष्ट बदलते. तिथे तुम्ही 'कॅज्युअल टॅक्सेबल पर्सन', म्हणजे त्या राज्यातले तात्पुरते करपात्र विक्रेते ठरता, किमान 5 दिवस आधी अर्ज करावा लागतो, अंदाजे कर आगाऊ भरावा लागतो आणि ती नोंदणी एका वेळी जास्तीत जास्त 90 दिवसांची मिळते. पणजीला जायचं ठरवण्याआधी सीएशी एकदा बोला, हा खर्चही वरच्या 57,000 सारखाच हिशेबात धरायचा असतो.

परत आल्यावर आठवड्याच्या आत ज्यांनी नंबर दिले त्यांना एकच निरोप पाठवा: घेतलेल्या प्रिंटला फ्रेम कशी करायची, माउंट आम्लविरहित (कागद पिवळा न पाडणारा) का हवा, बाथरूमच्या भिंतीला ती का लावू नये. सोबत नवा फोटो नको, सवलत नको. आणि वहीत चित्रनिहाय विक्री उतरवून काढा. जे चित्र पेटीतून सारखं बाहेर काढलं गेलं आणि परत ठेवलं गेलं, त्यावर खूण करा. पुढच्या वेळी ते एक साइज लहान करून बघा.