शाळेतल्या मुलांसोबत म्युरल करताय? या चुका टाळा

नववीची मुलं, संग्रहालयाचा शिक्षण विभाग आणि मुंबईतली एखादी कळकट भिंत, असं आमचं भित्तिचित्रांचं काम गेली काही वर्षं चाललंय. दरवर्षी मुलं नवी येतात, चुका मात्र जुन्याच. त्यातल्या निम्म्या तर मुलांच्या नसतातच. त्या आम्हा शिक्षकांच्या, आणि भिंत बघायच्या आधी उद्घाटनाची तारीख ठरवणाऱ्यांच्या.

सगळ्यात महाग पडते ती ओली भिंत. एका वर्षी २ ऑक्टोबरचं उद्घाटन ठरलं. पाहुणे ठरले, बॅनर छापायला गेला, आणि भिंत चार महिने पाऊस पिऊन बसलेली. शाळेचं रंगकाम करणाऱ्या मामांनी भिंतीवर तळहात टेकवला नि म्हणाले, "बाई, दिवाळीनंतर घ्या. आतून गार लागतेय." मीही हात लावला. मला गार लागली नाही, कारण मला ती गार लागायला नकोच होती. आठवडाभरात २२ मुलांनी २५ फुटांचा समुद्र रंगवला. होड्या, जाळी, टोपल्या घेतलेल्या कोळणी. पाहुण्यांनी फोटो काढले.

दिवाळीची सुट्टी संपवून आलो तर समुद्राला फोड आलेले. एका मुलीनं त्यातल्या एकाला नख लावलं. आतून पाणी ओघळलं आणि तळहाताएवढा निळा पापुद्रा तिच्या हातात आला. तिनं तो कंपासपेटीत ठेवला, मला न विचारता. मग कुणाला तरी भिंतीच्या मागे जायचं सुचलं. मागे पिण्याच्या पाण्याचे नळ, त्यातला एक कायमचा ठिबकणारा. ती मुलं रोज तिथे पाणी पीत होती, मी रोज तिथून जात होते.

आता भिंत ठरली की मी आधी तिच्या मागे जाते. नळ, मोरी, कुंड्या, पावसाचा पाइप, काही असेल तर आधी प्लंबर, मग चित्रकार. त्यानंतर फूटभर लांब-रुंद असं जाड प्लास्टिक घेऊन त्याच्या चारही कडा चिकटपट्टीनं भिंतीवर बंद करते नि २४ तास तशीच ठेवते. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब जमले तर काम पुढे ढकलायचं, मग कोण का रुसेना. लोणा, म्हणजे ओलीमुळे भिंतीवर फुटणारे पांढरे क्षार, आला असेल तर तो कोरडाच तारेच्या ब्रशनं खरवडायचा. उत्साहानं पाणी मारून धुतलात तर क्षार विरघळून परत भिंतीत जातात. नवं प्लास्टर किमान २८ दिवस तसंच राहू द्यायचं. जुना चुना निघेल तेवढा काढायचा, कारण रंग चुन्याला धरतो, पण चुना भिंतीला धरत नाही. आणि मुंबईत या कामाचे दिवस म्हणजे दिवाळीची सुट्टी संपल्यापासून जानेवारीपर्यंत. आधी ओल, नंतर परीक्षा.

"प्रायमरऐवजी पांढऱ्या रंगाचा एक हात मारला तर?" दरवर्षी कुणीतरी विचारतंच. मारा, आणि पुढच्या जूननंतर मला फोटो पाठवा.

पोस्टर कलर बाहेरच्या भिंतीवर नको. डिस्टेंपरही नको. बाहेरच्या भिंतीसाठी मिळतो तो अ‍ॅक्रिलिक इमल्शनच घ्या.

परवानगी लेखी घ्या. सोसायटीच्या सेक्रेटरीचं "करा हो" चालत नाही, सेक्रेटरी बदलतात.

माझी दुसरी दुखरी नस म्हणजे मोबाइलवरून उचललेलं चित्र. गिरणगावातल्या एका भिंतीसाठी मुलांनी विषय घेतला गिरणीचा. उत्तम. मोबाइलवर 'लूम' शोधलं, हातमाग आला, आणि मांडी घालून विणणारा माणूस भिंतीवर खडूनं उतरला. समोरच्या चाळीतले एक आजोबा दुधाची पिशवी घेऊन थांबले. "हा हातमाग आहे, बाळांनो. आमचा साचा, म्हणजे गिरणीतला माग, उभ्यानं चालवायचा. एकेकाकडे दोन-दोन साचे. बसायला कुठं मिळतंय!" मग दूध कठड्यावर ठेवून त्यांनी तुटलेला धागा कसा जोडायचा ते दाखवलं. धागा नव्हताच, नुसती बोटं. गाठ इतक्या झटकन बसली की मुलांनी तीनदा करायला लावली. शेवटी भिंतीवर ती बोटं आली, आठ फूट उंच, मागे करवतीच्या दात्यांसारखी गिरणीची छपरं. विणकर पुसला.

संग्रहालयातही हेच. मुलं दहा मिनिटांत ६० फोटो काढतात नि कॅन्टीन शोधतात. राणीच्या बागेतलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ साली उघडलं, आणि तिथल्या मातीच्या छोट्या मूर्ती बघायला फुरसत लागते. माझा नियम असा, की फोन पिशवीत, पेन्सिल हातात आणि एका वस्तूपुढे २० मिनिटं. कुरकुर होते. होऊ दे. पगडीचा पीळ कुठून सुरू होतो हे फोटो काढणाऱ्याला सांगता येत नाही, रेखाटणाऱ्याला येतं.

काही सुचलं नाही की वारली, हेही बंद करा. वारली घरात लग्नाचा चौक, म्हणजे भिंतीवरचं चौकोनी चित्र, सवाष्णी लिहितात, त्यात पालघाट देवी असते. तो 'कचरा टाकू नये'च्या पाटीशेजारी कशाला? वारलीच हवी असेल तर वारली चित्रकाराला बोलवा आणि मानधन द्या.

खालच्या दोन फुटांत चेहरे काढू नका. तिथे स्कूटर टेकतात आणि पान खाणारेही पिचकारीचा नेम त्याच उंचीवर धरतात. मी तिथे सरळ गेरूच्या रंगाचा पट्टा ओढते.

उरलेला रंग घट्ट बंद करून ठेवा, पावसानंतर डागडुजीला लागतो. झाकणावर कुठला रंग किती घातला ते लिहा. माझ्या कपाटात 'आकाश' एवढंच लिहिलेले तीन डबे आहेत. तिन्ही वेगळे.